अवजारव्यवस्था आणि वाहनसुधारणा

अवजारव्यवस्था आणि वाहनसुधारणा हे वाहनदुरुस्तीच्या व्यवसायातील आणि घरगुती गॅरेजमधील खर्चाचे दोन पर्याय आहेत. उपलब्ध रक्कम पाने, पक्कडी, मापनसाधने इत्यादी अवजारे नीट ठेवण्याच्या सोयीवर खर्च करावी की वाहनाचे टायर, दिवे, निलंबन, इंजिन यांसारख्या भागांत बदल करण्यावर, असा हा निवडीचा प्रश्न आहे. मोठ्या कार्यशाळांमध्ये या दोन्हींसाठी स्वतंत्र तरतूद असते. एकट्याने किंवा एक-दोन मदतनिसांसह चालणाऱ्या गॅरेजमध्ये मात्र एका गोष्टीवरील खर्चामुळे दुसरी गोष्ट लांबणीवर पडते. प्रस्तुत लेखात या निवडीचे तांत्रिक, आर्थिक व कायदेशीर निकष महाराष्ट्रातील धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याच्या संदर्भात दिले आहेत.

संज्ञा

*अवजारव्यवस्था* या संज्ञेत अवजारांची वर्गवारी, त्यांच्या ठरलेल्या जागा, साठवणीची साधने (पेटी, ट्रॉली, फळा, मांडणी, कपाट) आणि काम संपल्यावर अवजार मूळ जागी ठेवण्याची शिस्त यांचा समावेश होतो. *वाहनसुधारणा* म्हणजे निर्मात्याने दिलेल्या स्थितीपेक्षा वेगळा किंवा अधिक क्षमतेचा भाग बसवणे. झिजलेला भाग त्याच प्रकारच्या नव्या भागाने बदलणे ही *दुरुस्ती*, तर ठरावीक काळाने तेल, गाळणी, ग्रीस बदलणे ही *देखभाल* होय. या तिन्ही संज्ञांची व्यवहारात अनेकदा सरमिसळ होते. गुळगुळीत झालेला टायर बदलणे ही सुधारणा नसून आवश्यक दुरुस्ती आहे. त्याच वाहनाला शोभेसाठी रुंद टायर बसवणे ही सुधारणा आहे.

धाराशिव जिल्ह्यातील पार्श्वभूमी

धाराशिव जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी असे आठ तालुके आहेत. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ होती. सोलापूर–धुळे हा राष्ट्रीय महामार्ग ५२ तुळजापूर व धाराशिव येथून, तर सोलापूर–हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग ६५ नळदुर्ग व उमरगा येथून जातो. तुळजापूरहून लातूर–नांदेडकडे राष्ट्रीय महामार्ग ३६१ निघतो. जिल्ह्यातील वाहनांची नोंदणी एमएच-२५ या क्रमांकमालिकेत होते.

जिल्ह्याची अर्थव्यवस्था मुख्यतः शेतीवर अवलंबून असल्यामुळे गॅरेजमधील काम हंगामी स्वरूपाचे असते. जूनमधील पेरणीपूर्वी ट्रॅक्टरची, ऊसगाळपाच्या हंगामापूर्वी ट्रॅक्टर-ट्रॉली व मालमोटारींची आणि तुळजाभवानीच्या शारदीय नवरात्रापूर्वी प्रवासी वाहनांची दुरुस्ती वाढते. अशा गर्दीच्या दिवसांत अवजार शोधण्यात गेलेल्या वेळेमुळे काम नाकारावे लागू शकते. पाऊस कमी पडलेल्या वर्षी शेतकऱ्याकडून दुरुस्तीची उधारी वाढते आणि गॅरेजचालकाकडे खर्चासाठी रोख रक्कम कमी उरते. २०१८ साली केंद्र सरकारने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांमध्ये महाराष्ट्रातील गडचिरोली, नंदुरबार आणि वाशिम यांच्याबरोबर या जिल्ह्याचा समावेश झाला होता.

जिल्हा बालाघाट डोंगररांगेच्या परिसरात व पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. येथील कोरड्या महिन्यांत गंजापेक्षा धूळ ही अवजारांची मोठी अडचण ठरते. डिझेल इंजिनाच्या इंधनप्रणालीतील सुट्या भागांमधील फट काही मायक्रॉनइतकीच असते. त्यामुळे उघड्यावर ठेवलेल्या अवजारांवरील धूळ पंप किंवा इंजेक्टरमध्ये गेल्यास मोठे नुकसान होऊ शकते.

अवजारव्यवस्थेचे प्रकार

- *कप्प्यांची पेटी* : उघडताच दोन्ही बाजूंना पसरणारी पत्र्याची पेटी. रस्त्यावर बंद पडलेल्या वाहनापर्यंत नेण्यास सोयीची, परंतु खालच्या कप्प्यात अवजारांचा ढीग होतो.
- *ट्रॉली* : चाके व खण असलेली गाडी. कामाच्या जागी नेता येते; मात्र सपाट फरशी आवश्यक असते.
- *छायाफळा* : भिंतीवरील ज्या फळ्यावर प्रत्येक अवजाराची आकृती रंगवलेली असते तो फळा. जागेवर नसलेले अवजार दुरूनच लक्षात येते. जाड प्लायवूड, खिळे आणि रंग यांच्या साहाय्याने तो अल्प खर्चात तयार करता येतो.
- *लोखंडी मांडणी* : छिद्रांच्या लोखंडी पट्ट्यांची व पत्र्याच्या फळ्यांची रचना. जॅक, पुलर, बॅटरी, सुटे भाग यांसारख्या जड वस्तूंसाठी उपयुक्त.
- *बंद कपाट* : मायक्रोमीटर, व्हर्नियर कॅलिपर, टॉर्क पाना, मल्टिमीटर आणि निदान-स्कॅनर यांच्यासाठी.

उंच मांडणी व कपाटे भिंतीला पक्की बांधणे आणि जड वस्तू खालच्या फळीवर ठेवणे आवश्यक मानले जाते. ३० सप्टेंबर १९९३ रोजीच्या किल्लारी भूकंपात लातूरबरोबर या जिल्ह्यातील उमरगा व लोहारा परिसराचीही मोठी हानी झाली होती. त्यामुळे या भागात ही दक्षता विशेष महत्त्वाची आहे.

अवजारव्यवस्थेचे परिणाम

*वेळ* : अवजाराची जागा ठरलेली असल्यास शोधाशोध कमी होते. त्याचप्रमाणे अवजार हरवल्याच्या समजुतीने तेच पुन्हा विकत घेण्याचे प्रकारही टळतात.

*अचूकता* : क्लिक पद्धतीचा टॉर्क पाना वापरानंतर मापपट्टीच्या सर्वांत खालच्या खुणेवर आणून पेटीत ठेवतात, कारण ताणलेल्या अवस्थेत राहिल्यास त्याच्या स्प्रिंगचा ताण बदलू शकतो. वापरकर्त्याची स्वतःची पद्धत नसल्यास असा पाना १२ महिन्यांनी किंवा ५,००० वापरांनंतर, यांपैकी जे आधी होईल तेव्हा, तपासून घ्यावा असे आयएसओ ६७८९ या मानकात सुचवले आहे. हातोडी, छिन्नी यांच्या ढिगाऱ्यात पडलेले मापनसाधन बाह्यतः चांगले दिसले तरी त्याचे माप विश्वसनीय राहत नाही.

*सुरक्षा* : योग्य मापाचा पाना हाताशी नसल्यास जवळपासच्या मापाचा पाना किंवा पक्कड वापरली जाते. यामुळे नटाचे कोपरे झिजतात, पाना निसटून हाताला इजा होते आणि चाकाचे किंवा ब्रेकचे नट अपुरे आवळले जाण्याचा धोका निर्माण होतो. इंजिनाच्या कप्प्यात विसरलेले अवजार पंख्यात किंवा पट्ट्यात अडकू शकते. काम संपल्यावर छायाफळ्यावरील रिकामी आकृती अशी चूक उघड करते.

*नवी साधने* : भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ (बीएस-६) उत्सर्जन मानके लागू झाली. दुचाकींमध्ये कार्ब्युरेटरची जागा मोठ्या प्रमाणावर इंधन-इंजेक्शनने घेतली. दोष शोधण्यासाठी स्कॅनरसारख्या इलेक्ट्रॉनिक साधनांची गरज वाढली. ही साधने महाग व नाजूक असल्यामुळे पारंपरिक पत्र्याच्या डब्यातील साठवण त्यांच्यासाठी अपुरी ठरते.

वाहनसुधारणेचे प्रकार व परिणाम

वाहनसुधारणांचे स्थूलमानाने तीन गट पाडता येतात. पहिल्या गटात उपयुक्ततेशी संबंधित बदल येतात, उदाहरणार्थ मान्यताप्राप्त सीएनजी संच. दुसऱ्या गटात कामगिरीशी संबंधित बदल म्हणजे इंजिन, निलंबन किंवा ब्रेकमधील बदल येतात. तिसऱ्या गटात दिखाऊ बदल येतात, जसे की मोठा आवाज करणारा सायलेन्सर, रंगीत दिवे किंवा रुंद चाके.

वाहनाचे भाग परस्परावलंबी असल्यामुळे एका भागातील बदल इतरांवर परिणाम करतो. टायरचा व्यास वाढवल्यास वेगमापकावरील आकडा प्रत्यक्ष वेगापेक्षा कमी दिसू शकतो. ट्रॉलीची उंची वाढवून अधिक ऊस भरल्यास गुरुत्वमध्य वर जातो आणि उलटण्याचा धोका वाढतो. अधिक क्षमतेचे दिवे मूळ वायरिंगवर जोडल्यास वायर तापू शकते. अयोग्य कोनात बसवलेले दिवे समोरच्या चालकाचे डोळे दिपवतात.

कायदेशीर चौकट

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ नमूद केलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद उचलून धरली. अपंग व्यक्तीला वापरता यावे यासाठीचे रूपांतर, तसेच मान्यताप्राप्त संच बसवून इंधनाचा प्रकार बदलणे यांना विहित अटींवर मुभा आहे. अशा बदलांसाठी नोंदणी प्राधिकाऱ्याकडील प्रक्रिया पूर्ण करावी लागते.

२०१९च्या दुरुस्ती कायद्याने समाविष्ट झालेल्या कलम १८२अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये सायलेन्सर, भोंगा, दिवे आणि टायर यांविषयी स्वतंत्र नियम आहेत. व्यावसायिक वाहनास योग्यता प्रमाणपत्र आवश्यक असते. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते व त्यानंतर तिचे नूतनीकरण करावे लागते. नियमबाह्य बदल या दोन्ही तपासण्यांत अडथळा ठरू शकतात.

अवजारव्यवस्थेसाठी अशा परवानगीची गरज नसते. मात्र गॅरेजमध्ये साठलेले वापरलेले इंजिन तेल हे घातक कचरा नियम, २०१६ च्या कक्षेत येते. ते गटारात किंवा शेतात न ओतता बंद पिंपात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे देणे अपेक्षित आहे.

निवडीचे निकष

खर्चाचा प्राधान्यक्रम सामान्यतः पुढीलप्रमाणे लावला जातो :

१. ब्रेक, सुकाणू, टायर व दिवे यांची आवश्यक दुरुस्ती. ही बाब निवडीच्या कक्षेबाहेर मानली जाते.
२. कमी खर्चाची मूलभूत अवजारव्यवस्था : वर्गवारी, छायाफळा, मापनसाधनांसाठी बंद पेटी.
३. वारंवार लागणारी, परंतु उसनी आणावी लागणारी अवजारे.
४. उत्पन्न किंवा इंधनबचत वाढवणाऱ्या कायदेशीर वाहनसुधारणा.
५. मोठ्या ट्रॉली, तयार कपाटे आणि केवळ शोभेच्या वाहनसुधारणा.

हा क्रम परिस्थितीनुसार बदलतो. गॅरेज स्थिर असून काम भरपूर असल्यास साठवण लवकर परतावा देते. गावोगाव जाऊन दुरुस्ती करणाऱ्या कारागिराचे वाहन हेच त्याचे गॅरेज असते. अशा वेळी वाहनातच बसवलेले कप्पे हा दोन्ही गरजा भागवणारा मार्ग ठरतो. आठवड्यातून एखाद्या वेळी स्वतःची दुचाकी दुरुस्त करणाऱ्या व्यक्तीला कप्प्यांची एक पेटी पुरेशी असते.

*उदाहरणादाखल हिशेब* : एखादा कारागीर अवजारे शोधण्यात दररोज २० मिनिटे घालवतो असे मानल्यास ३०० कामाच्या दिवसांत १०० तास, म्हणजे आठ तासांचे साडेबारा दिवस वाया जातात. नव्या व्यवस्थेमुळे त्यांतील निम्मा वेळ वाचला आणि मजुरीचा दर तासाला १५० रुपये धरला, तर वर्षाला ७,५०० रुपयांचे काम अधिक होते. त्यानुसार १२,००० रुपयांचा खर्च सुमारे १९ महिन्यांत भरून निघतो. वाचलेल्या वेळात करण्याजोगे काम असेल तरच हा हिशेब लागू पडतो.

दुसऱ्या बाजूला, एका लिटरमध्ये १५ किलोमीटर जाणाऱ्या वाहनात इंधनाची ५ टक्के बचत करणारी सुधारणा केली असे मानल्यास २०,००० किलोमीटरच्या वार्षिक प्रवासात सुमारे ६७ लिटर इंधन वाचते. ९० रुपये प्रतिलिटर दराने ही बचत ६,००० रुपये होते. तेच वाहन वर्षाला ५,००० किलोमीटरच धावत असेल तर बचत १,५०० रुपयांवर येते. त्यामुळे वाहनसुधारणेचा परतावा प्रामुख्याने प्रवासाच्या अंतरावर, तर अवजारव्यवस्थेचा परतावा कामाच्या तासांवर अवलंबून असतो.

अर्थसाहाय्य व प्रशिक्षण

८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत, तर ‘किशोर’ गटात ५ लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते. छोट्या गॅरेजची अवजारे व साठवण या मर्यादेत येऊ शकतात. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत अवजारसंचासाठी १५,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहन आहे. तिच्या १८ व्यवसायांत लोहार व अवजारसंच बनवणारे यांचा समावेश असला तरी वाहनदुरुस्ती करणारे त्यांत मोडत नाहीत.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील (आयटीआय) मोटार मेकॅनिक हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, तर डिझेल मेकॅनिक व ट्रॅक्टर मेकॅनिक हे अभ्यासक्रम एक वर्षाचे आहेत. त्यांत हातअवजारांची ओळख, निगा आणि सुरक्षित वापर यांपासून शिक्षणाची सुरुवात होते. तरीही अनेक कारागीर उस्तादाच्या हाताखाली काम करूनच हा व्यवसाय शिकतात. योग्य मापाचा पाना मागताक्षणी आणून देणे हा अशा शागिर्दीतील पहिला धडा असतो.

इतर क्षेत्रांतील पद्धती

जपानी उद्योगांत विकसित झालेल्या ‘५एस’ पद्धतीत वर्गवारी, मांडणी, स्वच्छता, प्रमाणीकरण आणि शिस्त असे पाच टप्पे आहेत. त्यांतील पहिला टप्पा नको असलेल्या वस्तू बाहेर काढण्याचा असल्यामुळे नवे साहित्य विकत घेण्यापूर्वीच व्यवस्थेत सुधारणा होते. विमानदुरुस्तीत कामाच्या अखेरीस प्रत्येक अवजाराची मोजदाद केली जाते आणि एखादे कमी भरल्यास ते सापडेपर्यंत विमान उड्डाणासाठी मोकळे केले जात नाही.

महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात (एसटी) देखभालीची रचना आगार, विभागीय कार्यशाळा आणि मध्यवर्ती कार्यशाळा अशी स्तरांत विभागलेली आहे. धाराशिव विभागात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, भूम आणि परंडा ही आगारे आहेत. महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळा दापोडी (पुणे), चिकलठाणा (छत्रपती संभाजीनगर) व हिंगणा (नागपूर) येथे आहेत. अशा रचनेत कोणते काम कोठे होणार हे ठरलेले असल्यामुळे प्रत्येक ठिकाणी सर्व अवजारे ठेवावी लागत नाहीत. छोट्या गॅरेजच्या बाबतीत हेच तत्त्व क्वचित लागणारे काम विशेषज्ञाकडे सोपवून अमलात आणले जाते.

सांस्कृतिक संदर्भ

आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, महाराष्ट्रात शस्त्रे व अवजारे यांची पूजा करण्याची परंपरा आहे. त्यानिमित्त गॅरेजमधील सर्व पाने, हातोड्या व जॅक बाहेर काढून धुतले-पुसले जातात आणि हळदकुंकू वाहून मांडले जातात. दसऱ्याला वाहनांना झेंडूच्या माळा घालतात. वर्षातून एकदा होणारी ही स्वच्छता व मांडणी अनेक छोट्या गॅरेजमध्ये अवजारांची प्रत्यक्ष मोजदादही ठरते. हरवलेली, मोडलेली आणि दुबार घेतलेली अवजारे याच वेळी लक्षात येतात.

हे सुद्धा पहा

- धाराशिव जिल्हा
- मोटार वाहन कायदा, १९८८
- महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ
- औद्योगिक प्रशिक्षण संस्था
- खंडेनवमी