अंथरूण आणि लेखणी

स्त्रीचे शरीर आजारी पडले म्हणजे घर धावपळ करते. ताप पाहिला जातो, काढा उकळतो, डॉक्टरांकडे माणूस जातो. पण तिचे मन आजारी पडले म्हणजे एकच प्रश्न ऐकू येतो, "हिला कमी काय आहे?" आपल्याकडे तर त्याला 'सुख दुखणे' असे नावच देऊन ठेवले आहे. परंतु हा प्रश्न केवळ आपल्याच घरांतला नव्हे. अमेरिकेत व इंग्लंडात मोठमोठ्या नामांकित डॉक्टरांनीही तो विचारला, आणि बाईचे उत्तर ऐकून घेण्यापूर्वीच उपचार ठरवून टाकला. त्या उपचाराचा इतिहास आपल्या भगिनींपुढे ठेवावा म्हणून हा लेखनप्रपंच.

या विषयाकडे वळण्यास एक इंग्रजी चित्रपट फार उपयोगी पडतो. त्याचे नाव 'द अवर्स', म्हणजे 'घटका'. मायकेल कनिंगहॅम यांच्या १९९८ सालच्या कादंबरीवरून स्टीफन डाल्ड्री यांनी तो दिग्दर्शित केला व तो २००२ साली पडद्यावर आला. त्यात तीन स्त्रियांच्या आयुष्यातील एकेक दिवस दाखविला आहे. पहिली इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फ. १९२३ साली लंडनजवळच्या रिचमंड येथे ती 'मिसेस डॅलोवे' ही कादंबरी लिहीत आहे. दुसरी लॉस एंजेलिसची गृहिणी लॉरा ब्राउन. १९५१ साली ती तीच कादंबरी वाचीत आहे. तिसरी न्यूयॉर्कची क्लॅरिसा. २००१ साली तीही त्या कादंबरीतील नायिकेप्रमाणे मेजवानीसाठी फुले आणावयास निघाली आहे. वुल्फबाईंची भूमिका करणाऱ्या निकोल किडमन यांना त्याबद्दल २००३ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले.

या तिघींपैकी लॉरा आपणास सर्वांत जवळची वाटेल. नवरा प्रेमळ, घर नीटनेटके, एक लहान मुलगा, शिवाय पुन्हा दिवस गेलेले. नवऱ्याच्या वाढदिवसासाठी ती केक करावयास घेते. तो मनासारखा होत नाही. ती तो फेकून देते व दुसरा करते. कोणी तिला रागावलेले नाही, कोणी छळलेले नाही. तरीही तिला श्वास घेणे जड झाले आहे, आणि हे तिच्या नवऱ्याला नव्हे, तर त्या चिमुरड्या मुलाला कळते. 'कमी काय आहे' या प्रश्नाचे उत्तर तिला स्वतःलाही देता येत नाही. पुढे ती घर सोडून जाते, आणि त्या मुलाच्या मनावरील जखम शेवटपर्यंत भरून येत नाही. चित्रपट तिचे गोडवे गात नाही की तिला शिव्याशापही देत नाही.

आता मूळ इतिहासाकडे वळू. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी सायलस वियर मिचेल नावाचे मज्जातंतूंचे प्रख्यात डॉक्टर होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी खचलेल्या, उदास झालेल्या स्त्रियांसाठी 'विश्रांती-उपचार' काढला. बाईने सहा-आठ आठवडे अंथरुणावर पडून राहावयाचे, भरपूर दूध प्यावयाचे, वजन वाढवावयाचे, अंग चोळून घ्यावयाचे. भेटावयास कोणी यावयाचे नाही. वाचन नाही, लेखन नाही. काही जणींचे शरीर यामुळे सुधारले असेलही. परंतु तेच डॉक्टर खचलेल्या पुरुषांना काय सांगत? १८८५ साली त्यांनी ओवेन विस्टर या तरुणाला वायोमिंगच्या मोकळ्या माळरानावर हवापालटास धाडले. घोडा, शिकार, उघडे आकाश! विस्टर पुढे नावाजलेले कादंबरीकार झाले. आजार मनाचाच, पण पुरुषाला रान आणि बाईला खाट!

पुढे शार्लट पर्किन्स गिलमन या नावाने प्रसिद्ध झालेल्या लेखिका १८८७ साली याच डॉक्टरांकडे गेल्या. मुलगी झाल्यापासून त्यांना घोर उदासीने घेरले होते. महिनाभराने डॉक्टरांनी त्यांना घरी पाठविले ते असे बजावून की, होईल तितके घरातच लक्ष घालावे, मूल सतत जवळ ठेवावे, बुद्धीचे काम दिवसातून दोन तासांहून अधिक करू नये, आणि लेखणी किंवा कुंचला जन्मात हाती धरू नये. गिलमनबाईंनी तीन महिने हे पथ्य पाळले आणि त्या वेडाच्या उंबरठ्याशी जाऊन पोहोचल्या. मग पथ्य झुगारून त्या कामास लागल्या तेव्हाच सावरल्या. या अनुभवावरून त्यांनी 'द यलो वॉलपेपर' ही कथा लिहिली. ती १८९२ साली छापून आली. कथेची एक प्रत त्यांनी डॉक्टरसाहेबांनाही पाठविली. पोच आली नाही.

हाच उपचार समुद्र ओलांडून इंग्लंडात गेला. व्हर्जिनिया वुल्फ यांचा जन्म १८८२ साली लंडन येथे झाला. त्यांच्या मातोश्री ज्युलिया यांचा जन्म आपल्या कलकत्त्यातला. व्हर्जिनिया तेरा वर्षांच्या असताना मातोश्री निवर्तल्या, आणि तेव्हाच त्यांच्या मनाने प्रथम दगा दिला. दोन वर्षांनी सावत्र बहीण गेली, १९०४ साली वडील गेले, १९०६ साली विषमज्वराने भाऊ थोबी गेला. भाऊ केंब्रिजला शिकले. बहिणींचे शिक्षण बहुतेक घरीच, वडिलांच्या पुस्तकांच्या कपाटांपाशी झाले. १९१० साली डॉक्टरांनी वुल्फबाईंना ट्विकनहॅमच्या एका शुश्रूषागृहात ठेवले. तेथेही अंथरूण, दुधाचे पेले व लेखनबंदी.

१९१२ साली त्यांचा विवाह लेनर्ड वुल्फ यांच्याशी झाला. लेनर्ड सिलोनात सरकारी अधिकारी होते. पत्नीवर त्यांचे अतोनात प्रेम. तिची झोप, तिचे खाणे, तिची प्रकृती यांची ते नोंद ठेवीत. पण डॉक्टरांचे ऐकून तिला निजवीत तेही हेच. चित्रपटात स्टेशनवर या पतिपत्नींचा वाद होतो तो पाहण्यासारखा आहे. तिला लंडनला परतावयाचे आहे, त्याला तिला जपावयाचे आहे. दोघेही खोटे बोलत नाहीत. मायेनेही माणूस कोंडले जाऊ शकते ते असे.

तरी लेनर्ड यांनीच एक निराळी युक्ती केली. १९१७ साली त्यांनी एक लहानसे हातछापखान्याचे यंत्र घरी आणले व जेवणाच्या मेजावर मांडले. हाताला काम मिळाले तर बाईंचे मन हलके होईल, हा त्यांचा हेतू. व्हर्जिनियाबाई स्वतः खिळे जुळवू लागल्या. तोच पुढे 'होगार्थ प्रेस' म्हणून नावारूपास आला. १९२४ साली ते दोघे लंडनला परतले आणि १९२५ साली 'मिसेस डॅलोवे' याच घरच्या छापखान्याने प्रसिद्ध केली. 'द अवर्स' हे नाव बाईंनी प्रथम याच कादंबरीसाठी योजले होते. तिच्यात युद्धाने मन फाटलेला एक सैनिक आहे, आणि त्याला विश्रांतीची सक्ती करणारा एक बडा डॉक्टरही आहे. ज्यांनी बाईंची लेखणी काढून घेतली होती, त्यांना बाईंनी लेखणीनेच उत्तर दिले. पुढे १९२९ सालच्या 'अ रूम ऑफ वन्स ओन' या पुस्तकात त्यांनी म्हटले की लिहू पाहणाऱ्या स्त्रीला स्वतःचे थोडे उत्पन्न हवे आणि स्वतःची एक खोली हवी.

मात्र येथे खरे ते सांगितले पाहिजे. लेखणी म्हणजे रामबाण औषध नव्हे. इतके लिहूनही मार्च १९४१ मध्ये, आजार पुन्हा परतत आहे या भीतीने, वुल्फबाईंनी स्वतःचे जीवन संपविले. त्यांच्या काळी या विकारावर खात्रीचे औषध नव्हते. आज औषधे आहेत, मानसोपचार आहेत, आणि त्यांनी पुष्कळ जणी बऱ्या होतात. आपल्या देशात २०१७ साली मानसिक आरोग्याचा नवा कायदा झाला. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या माणसाकडे गुन्हेगार म्हणून न पाहता तो तीव्र मानसिक ताणाखाली होता असे धरावे, आणि सरकारने त्याची शुश्रूषा करावी, असे त्यात आहे. २०२२ पासून सरकारची 'टेलिमानस' ही विनामूल्य दूरध्वनी-सेवाही सुरू झाली आहे. १४४१६ हा क्रमांक रात्रीबेरात्री फिरविला तरी चालतो, आणि मराठीत बोलता येते.

भगिनींनो, या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट घ्यावी. मिचेलसाहेब दुष्ट नव्हते, लेनर्ड तर नव्हतेच. चूक एवढीच झाली की बाईला काय होते ते बाईलाच कोणी विचारले नाही. आपल्या शेजारची एखादी गप्प गप्प राहू लागली, हळदीकुंकवाला येईनाशी झाली, बाळंतीण बाळाकडे पाहीनाशी झाली, तर "तुला कमी काय आहे?" असे विचारू नये. "तुला काय होते आहे?" असे विचारावे, आणि मग आपण गप्प बसून ऐकावे. गरज दिसली तर तिच्यासोबत डॉक्टरांकडे जावे. आणि ती काही वाचीत, लिहीत, भरतकाम करीत किंवा गात असेल, तर विश्रांतीच्या नावाखाली ते तिच्या हातून कधीही काढून घेऊ नये.