घरघर आणि शेंगदाणा

ताईचा धाकटा, वय वर्षं दोन. महिनाभर छातीत घरघर. दमा म्हणून पंप चालू, फरक शून्य. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, "सुरू झालं त्या दिवशी खाताना ठसका लागला होता का?" ताईला आठवेना. मला आठवलं. दुर्बीण घातली तर उजव्या श्वासनलिकेतून अर्धा शेंगदाणा निघाला!

हा प्रश्न आला कुठून, म्हणून शनिवारी वाचत बसलो. १८९७ मध्ये जर्मनीत गुस्टाव किलियनने नळी घालून एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेतलं हाड काढलं. पण फिलाडेल्फियाचा शेव्हालिए जॅक्सन (१८६५-१९५८) अगदी आमच्या पंथातला, प्रत्येक बग लॉग करणारा. लोकांच्या घशातून, फुफ्फुसांतून काढलेल्या दोन हजारांवर वस्तू (नाणी, पिना, बटणं, काय वाट्टेल ते) त्याने नोंदींसकट जपल्या. आजही त्या तिथल्या म्युटर म्युझियममध्ये आहेत. घरघर म्हणजे दमाच असं नव्हे, हे बजावणारा तोच.

दमा सहसा दोन्ही बाजूंना वाजतो. घरघर अचानक सुरू झाली, एकाच बाजूला ऐकू येते, पंपाला दाद देत नाही, त्याच जागी पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो, तर अडकलेल्या वस्तूची शंका घ्यायची. नाणं एक्स-रेत दिसतं, दाणा दिसत नाही. वर भोवती सूज आणतो. आणि ठसका थांबला की पोर खेळायला लागतं, घरचे विसरतात.

चिवड्याची वाटी त्याच्यापुढे मीच ठेवली होती. ताईला ते आता हे वाचूनच कळेल.