काखेतून कक्षेत
२४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरलं, तेव्हापासून ‘कक्षा’ हा शब्द माझ्या मनात घोळतोय. संस्कृतात ‘कक्ष’ म्हणजे काख. आपली ‘काख’ त्यातूनच आली. त्याच कुळातली ‘कक्षा’ म्हणजे कमरपट्टा, हत्तीला आवळायचा दोर, राजवाड्याचं बंदिस्त आवार. ज्योतिषग्रंथांनी तोच शब्द ग्रहाच्या वाटेला दिला. ही निवड मला फार आवडते. सूर्य ग्रहाला सतत ओढतो, पण ग्रहाचा आडवा वेग त्याला सूर्यावर कोसळू देत नाही. ओढीचा तो न दिसणारा पट्टा आवळलेलाच राहतो. हा शब्द इतरत्रही भेटतो: हिंदीत कक्षा म्हणजे शाळेतला वर्ग. मराठीत ‘अधिकारकक्षा’ असते, रुग्णालयात ‘अतिदक्षता कक्ष’ असतो आणि वाचनाने आपल्या ‘कक्षा रुंदावतात’.