कन्हानकाठचे संत्रे

इटलीतील ऑलिव्हच्या बागांविषयी युरोपातील लेखकांनी इतके लिहून ठेवले आहे की, ते झाड ज्याने कधी पाहिले नाही त्यालाही त्याची रुपेरी पाने ओळखीची वाटू लागतात. आपल्याकडे आंब्याला आणि नारळाला असे भाग्य लाभले. संत्र्याला ते लाभले नाही. मराठी वाचकाला संत्रे भेटते ते हातगाडीवर किंवा आजाऱ्याच्या उशाशी. झाडावर ते त्याला क्वचितच भेटते. आज त्या झाडाविषयी, आणि विशेषतः ते राखणाऱ्या माणसांच्या वर्षक्रमाविषयी बोलावयाचे आहे. त्यासाठी रामाकोन्यासारखे ठिकाण फार सोयीचे.

नागपुराहून छिंदवाड्याकडे जाणारा लोहमार्ग सावनेर, लोधीखेडा, सौंसर ही स्थानके मागे टाकून रामाकोन्यास येतो. येथवरचा प्रदेश मोकळा, काळ्या मातीचा आणि बोलण्याचालण्यात सर्वस्वी मराठी. यापुढे सातपुड्याची चढण लागते. जवळून कन्हान नदी वाहते. हीच पुढे नागपूर शहराला पाणी पुरवून वैनगंगेस मिळते. बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात येथून अरुंद रुळांची गाडी नेली. ती २०१५ मध्ये बंद होऊन त्या जागी रुंद मार्ग आला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर आणि विदर्भाचे इतर जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याबरोबर सौंसर व पांढुर्णा हा मराठी भागही तेथेच राहिला. २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. सीमेच्या अलीकडे सावनेर, काटोल, वरूड, पलीकडे सौंसर, पांढुर्णा. माती एक, सोयरिकी एक आणि बगीचेही एकाच जातीचे. विदर्भातला शेतकरी ‘बाग’ म्हणत नाही, ‘बगीचा’ म्हणतो. आणि ‘संत्रे’ न म्हणता ‘संत्रा’ म्हणतो, हेही येथेच सांगितले पाहिजे. पुनर्रचना आयोगाचा अहवाल संत्र्याने वाचला नाही. तो आजही बाजारात ‘नागपुरी’ म्हणूनच जातो, मग तो कोणत्या राज्यात पिकलेला असो.

हे नाव फार जुने आहे. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील फळांची यादी दिली आहे, तीत ‘संगतरा’ आहे आणि आंबट ‘जंबीरी’ही आहे. ही दोन्ही नावे आपण लक्षात ठेवावी, कारण नागपुरी संत्र्याचे झाड म्हणजे या दोघांचाच संसार आहे. नागपुरात हे फळ कसे आले याविषयी सर्वमान्य परंपरा अशी की, दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी औरंगाबादेहून रोपे आणवून ती आपल्या बागेत लावली. या रघूजींची कारकीर्द १७८८ ते १८१६ अशी होती. राजाच्या हौसेतून आलेले झाड पुढे कुणब्याच्या शेतात उतरले, ही घटना मला राजाच्या हौसेपेक्षा अधिक महत्त्वाची वाटते. परंतु ती घडविणाऱ्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत.

आता बगीचा कसा उभा राहतो ते पाहू. प्रथम जंभेरीचे बी पेरून रोपे तयार करतात. जंभेरीचे फळ कोणी आवडीने खाणार नाही; तिची मुळे मात्र काटक. रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की हिवाळ्यात जमिनीपासून वीतभर उंचीवर त्याच्या सालीला छेद देऊन संत्र्याचा डोळा बसवितात आणि घट्ट बांधतात. डोळा फुटला की जंभेरीचा शेंडा छाटावयाचा. अमरावती जिल्ह्यातील वरूड व शेंदुरजनाघाट ही गावे या कलमांसाठी नावाजलेली आहेत. पावसाळ्यात कलमे लावतात. वीस-वीस फुटांवर झाडे धरली तर एकरात सुमारे १०८ बसतात. पुढची पाच वर्षे झाडांच्या ओळींमधून मूग, उडीद किंवा हरभरा यांसारखी बुटकी पिके घ्यावयाची आणि वाट पाहावयाची. जंभेरीचे फुटवे खालून डोके वर काढीत असतात. ते वेळच्या वेळी मोडले नाहीत तर काही वर्षांनी बगीचा संत्र्याचा न राहता जंभेरीचा होतो.

परंतु या व्यवसायातले खरे कौशल्य, आणि खरे धाडसही, ‘ताण’ या एका शब्दात आहे. संत्र्याचे झाड स्वभावतः थोडे थोडे फुलत राहू पाहते. तसे झाले तर तोड एकदम मिळत नाही आणि व्यापारी दारात येत नाही. म्हणून शेतकरी झाडाला मुद्दाम तहानेले ठेवतो. आंबिया बहर घ्यावयाचा असेल, म्हणजे आंब्याच्या मोहराबरोबर फुले हवी असतील, तर हिवाळ्यात पाणी तोडतात. मृग बहर हवा असेल तर ऐन एप्रिल-मे महिन्यांत तोडतात. जमीन हलकी असेल तर महिनाभर, भारी असेल तर त्याहून पुष्कळ अधिक. पाने मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. झाडाची वाढ थांबते आणि त्याने तयार केलेले अन्न फांद्यांत साठून राहते. मग हलके पाणी देऊन ताण सोडतात, पुढे भरपूर पाणी देतात. आणि दोन-तीन आठवड्यांत सारा बगीचा पांढऱ्या फुलांनी भरून जातो. त्या सुमारास रात्री शिवारातून चालत जाणाऱ्याला बगीचा दिसण्यापूर्वी वासानेच कळतो.

हे ऐकण्यास सोपे वाटते. ताण कमी पडला तर फुलांऐवजी पालवी येते. अधिक झाला तर फांद्या वाळतात आणि कधी झाडच जाते. हिवाळ्यात अवेळी पाऊस पडला तर महिनाभराचे उपवास एका रात्रीत फुकट. पाणी तोडण्याचा आणि सोडण्याचा दिवस कोणत्याही पंचांगात दिलेला नसतो. अनुभवी माणूस पानाची वळण पाहतो, सकाळी पान पुन्हा ताठ होते की नाही हे पाहतो, आणि ठरवितो. आंबिया बहराची फळे दिवाळीच्या आसपास उतरू लागतात, मृगाची शिमग्याच्या सुमारास. मृगाच्या फळाला रंग आणि टिकाऊपणा अधिक, म्हणून त्याचा मानही मोठा. परंतु फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मृगाची तयार फळे आणि आंबियाची नवी फुले एकाच तडाख्यात झोडपून काढते.

मृग बहराला आणखी एक अट आहे. उन्हाळ्यात ताण द्यावयाचा तो पाणी असताना. नसलेले पाणी तोडता येत नाही. मृगाचा पाऊस लांबला तर ताण सोडण्यास विहिरीत पाणी हवे. पूर्वी मोट होती. बैलांची जोडी धावेवरून उतरावयाची, पाणी थारोळ्यात पडावयाचे आणि पाटाने झाडाच्या आळ्यात जावयाचे. बैल जेवढे ओढतील तेवढाच बगीचा, हे प्रमाण आपोआप राहत असे. पुढे तेलाचे एंजिन आले, विजेचा पंप आला, कूपनलिका आली. बगीचे वाढले आणि पाणी खाली गेले. आता ठिबकच्या नळ्यांनी थेंब मोजून पाणी देतात. तो उपाय चांगला, परंतु वर थेंब मोजला तरी खालचा साठा वाढत नाही.

पाण्याइतकाच घात रोगाने केला. मुळाशी पाणी साचले की बुंध्यातून डिंक वाहू लागतो. त्याला ‘डिंक्या’ म्हणतात, आणि पावसाळ्यापूर्वी बुंध्याला मोरचूद-चुन्याचा मलम लावणे हा त्यावरचा जुना इलाज. ‘कोळशी’ने तर १९७० नंतरच्या काळात विदर्भाचे बगीचे खरोखरच काळे केले. काळी माशी पानातला रस शोषते, तिच्या चिकट विष्ठेवर बुरशी वाढते आणि पान काजळल्यासारखे होते. १९८५ मध्ये नागपुरास लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. इटलीवाल्यांनाही हे दुःख चुकले नाही: दक्षिणेच्या पुलिया प्रांतात २०१३ मध्ये एका जिवाणूचा उपद्रव आढळला आणि पुढे तेथील शेकडो वर्षांची लक्षावधी ऑलिव्ह झाडे वाळली. आमचे संत्र्याचे झाड मुळात तेवढे जगत नाही. पंचवीस-तीस वर्षे म्हणजे त्याचे पुष्कळ आयुष्य. ऑलिव्ह नातवासाठी लावतात. संत्र्याचा बगीचा लावणाऱ्याच्या हयातीतच म्हातारा होतो.

शेवटी विक्री. फळ लिंबाएवढे असतानाच व्यापारी बगीच्यात फिरतो, झाडांचा अंदाज घेतो आणि सगळा बहर उक्ता मागतो. विसार हाती येतो, बाकीची रक्कम तोडीच्या वेळी. दर पडला की तोड लांबते, आणि फळ तर गळत राहते. २०१९ नंतर बांगलादेशाने आयात कर वारंवार वाढविला तेव्हा तिकडे जाणारा माल देशातच अडला आणि भाव कोसळले. बगीचेवाल्याला हे कळले ते व्यापाऱ्याच्या तोंडून. हा उभ्या झाडावरचा सौदा मात्र आपल्याकडचाच नव्हे. रोमन ग्रंथकार केटो याने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात शेतीवर पुस्तक लिहिले, त्यात झाडावरचे ऑलिव्ह विकण्याच्या अटी तपशिलाने दिल्या आहेत. तोडणाऱ्यांनी मालकाच्या आज्ञेवाचून फांद्या झोडपू नयेत आणि आपण फळ चोरले नाही अशी शपथ घ्यावी, असेही तो सांगतो. केटो स्वतः जमीनदार होता, म्हणून अटी मालकाच्या बाजूच्या. आमच्याकडे अटी व्यापारी सांगतो. फळ ओढून तोडले तर देठाशी साल फाटते आणि ते लवकर सडते, म्हणून कात्रीने कापावे असे बगीचेवाला मजुरांना सांगत राहतो. परंतु बहर एकदा विकला की मजूर व्यापाऱ्याचे, आणि घाईही त्याचीच.

तोड संपली की वाळलेल्या काड्या छाटून काढतात. मेलेल्या झाडांची खोडे सरपणाला जातात. त्या रिकाम्या खड्ड्यांत शेणखत घालून ठेवतात आणि शेंदुरजनाघाटच्या कलमांची चौकशी सुरू होते. ती जुलैत लागली तर सहाव्या वर्षी फळ धरतील.