काळीची मोजणी, पांढरीची उपेक्षा : ईट (ता. भूम, जि. धाराशिव) परिसराच्या संदर्भात ग्रामीण घरमालकीचे ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

घरमालक आणि घरखरेदीदार यांच्या कायदेशीर प्रश्नांची महाराष्ट्रातील चर्चा प्रामुख्याने शहरांच्या अनुषंगाने झाली आहे. सदनिकाधारकांसाठी १९६३ मध्ये राज्याने कायदा केला. पुढे स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ आला आणि १ मे २०१७ पासून 'महारेरा'चे कामकाज सुरू झाले. विकासकाने बांधलेल्या प्रकल्पात सदनिका घेणाऱ्याला यामुळे दाद मागण्याचे एक ठिकाण मिळाले. परंतु खेड्यात वडिलार्जित माळवदाचे घर विकत घेणारा शिक्षक, भावाकडून आपला वाटा मागणारी विवाहित बहीण किंवा घर तारण ठेवून कर्ज घेऊ पाहणारा कारागीर यांना या कायद्यांचा उपयोग होत नाही. त्यांचा प्रश्न विकासकाशी नसून मालकीच्या पुराव्याशी आहे. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील भूम तालुक्यातील ईट हे गाव व त्याचा परिसर डोळ्यांसमोर ठेवून हा प्रश्न इतिहासात कसा निर्माण झाला आणि आज तो कोणत्या वळणावर आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

काळी आणि पांढरी

मराठी ग्रामव्यवस्थेत गावाच्या जमिनीचे दोन भाग मानले जात. पिकाऊ जमीन ती 'काळी' आणि वस्तीची जागा ती 'पांढरी'. काळीतून राज्याला सारा मिळे, म्हणून तिची मोजणी, प्रतवारी व नोंद ठेवणे ही राज्याची गरज होती. पांढरीतून राज्याला सारा मिळत नसे, म्हणून तिची व्यवस्था गावाकडे राहिली. कोणाचे घरठाण कोठे आहे, कोणाची भिंत सामाईक आहे, कोणाच्या पागोळीचे पाणी कोठे पडावे, हे पाटील, कुलकर्णी आणि गावकरी यांच्या स्मरणात असे. वाद झालाच तर गोतसभा बसे आणि निवाड्याचा महजर होई. वतनदारांच्या कागदपत्रांत घरवाड्यांचे उल्लेख आढळतात. सामान्य कुणबी व बलुतेदार यांच्या घराला मात्र शेजाऱ्याची साक्ष हाच आधार होता.

ही व्यवस्था स्थिर वस्तीच्या व परस्पर ओळखीच्या समाजात चालण्यासारखी होती. घर विकले जाऊ लागले, गावाबाहेरचा खरेदीदार आला आणि न्यायालय साक्षीऐवजी दस्तऐवज मागू लागले, तेव्हा तिच्या मर्यादा उघड झाल्या.

सरहद्दीच्या दोन बाजू

भूम तालुक्याला लागून असलेला जामखेड तालुका हा अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात मोडतो. १७९५ च्या मराठे–निजाम लढाईचे खर्डे याच तालुक्यात आहे. एकोणिसाव्या शतकात ही सीमा दोन राज्यव्यवस्थांची सरहद्द ठरली. पश्चिमेस मुंबई इलाखा आणि पूर्वेस निजामाचे हैदराबाद संस्थान अशी ही विभागणी होती. मुंबई इलाख्यातील १८७९ च्या जमीन महसूल कायद्यात शेतीखेरीज वस्तीच्या जागांचे भूमापन करण्याची आणि धारकाला सनद देण्याची तरतूद होती. प्रत्यक्षात तिचा लाभ शहरांना व मोठ्या गावांनाच झाला. तरीही घराच्या जागेला स्वतंत्र सरकारी कागद असू शकतो, ही कल्पना तेथे रूढ झाली.

हैदराबाद संस्थानात सालारजंगाच्या सुधारणांनंतर महसुली कारभार जिल्हावार बांधला गेला आणि शेतजमिनीची पाहणी झाली. १३१७ फसलीचा (इ. स. १९०७–०८) जमीन महसूल कायदा हा त्या व्यवस्थेचा पाया होता. संस्थानात दिवाणी मुलखाखेरीज जहागिरी, पायगा आणि निजामाचा खाजगी 'सर्फ-ए-खास' मुलूख असे भेद असल्याने दप्तराची एकरूपता राहिली नाही. शिवाय उर्दू, मोडी आणि फसली सन यांमुळे जुना कागद हाती असूनही तो वाचता येत नाही, ही मराठवाड्यातील अनेक कुटुंबांची अडचण आहे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले आणि १९४९ मध्ये जहागिरी संपुष्टात आल्या. १९५० च्या कूळ कायद्याने व १९५४ च्या इनाम निर्मूलन कायद्याने जमिनीचे हक्क नव्याने ठरले. १९५४–५५ चे खासरा पत्रक आजही मराठवाड्यातील जमिनीच्या दाव्यांत आधारभूत मानले जाते. परंतु या सर्व सुधारणांचा विषय काळी हाच होता. कूळ मालक झाले, तरी त्याच्या घराखालच्या जागेला सातबाऱ्यासारखा उतारा मिळाला नाही. १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झालेल्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत गावठाणाच्या भूमापनाची तरतूद आहे. तथापि, साधारणपणे दोन हजारांहून अधिक लोकवस्तीच्या गावांपुरताच हा कार्यक्रम मर्यादित राहिला आणि राज्यातील बहुसंख्य गावठाणे मोजणीविना राहिली.

नमुना ८ : कराची नोंद, मालकीची नव्हे

मालकीचा कागद नसल्याने निर्माण झालेली पोकळी ग्रामपंचायतीच्या 'नमुना ८' ने भरून काढली. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार पंचायतीला घरपट्टी आकारण्याचा अधिकार आहे आणि नमुना ८ ही त्या आकारणीची नोंदवही होय. घरपट्टी कोणाकडून वसूल करावयाची, एवढेच सांगणे हे तिचे मूळ प्रयोजन. व्यवहारात मात्र 'आठचा उतारा' हाच घराचा दाखला मानला गेला. वडील वारले की थोरल्या मुलाचे नाव लागे आणि धाकट्याचे राहून जाई. बहिणींचे नाव तर क्वचितच लागे. त्या वेळी हा सोयीचा भाग होता. काही वर्षांनी त्याच नोंदीवरून थोरला भाऊ घर विकू लागतो, तेव्हा सोयीचे रूपांतर वादात होते.

महसुली फेरफाराच्या नोंदी मालकी निर्माण करीत नाहीत अथवा नष्टही करीत नाहीत, त्यांचे प्रयोजन वसुलीपुरते आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सावर्णी विरुद्ध इंदर कौर (१९९६) या प्रकरणात स्पष्ट केले. करआकारणीच्या नोंदीला हेच तत्त्व लागू पडते. ती नोंद ताब्याचा एक पुरावा ठरू शकते, मात्र मालकीचा निर्णय तिच्यावरून होत नाही. कर, ताबा आणि मालकी या तीन भिन्न गोष्टी आहेत. खेड्यातील एकाच कागदावर तिन्हींचा भार टाकला गेला, हे या प्रश्नाचे मूळ आहे.

खरेदीदाराची अडचण

नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ नुसार शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेच्या हस्तांतरणाचा दस्त नोंदविणे सक्तीचे आहे. कलम ४९ नुसार नोंदणी नसलेल्या दस्ताने हक्क प्राप्त होत नाही. तरीही ग्रामीण भागात मुद्रांक कागदावर मजकूर लिहून, साक्षीदारांच्या सह्या घेऊन आणि फार तर नोटरीचा शिक्का मारून घरांचे व्यवहार होत आले. गाव ओळखीचे होते, रक्कम लहान होती आणि तालुक्याच्या ठिकाणी जाण्याचा खर्च मोठा वाटत होता. सूरज लॅम्प प्रकरणात (११ ऑक्टोबर २०११) सर्वोच्च न्यायालयाने मुखत्यारपत्र व विक्रीकरार यांद्वारे मालकी हस्तांतरित होत नाही, असा निर्वाळा दिल्यानंतर अशा व्यवहारांची कमकुवत बाजू ठळक झाली.

नोंदणीकृत खरेदीखतानेही सर्व प्रश्न सुटतात असे नाही. नोंदणी ही दस्ताची होते, विक्रेत्याच्या हक्काची नव्हे. ज्याच्याकडे दोन आणे हिस्सा आहे त्याने सोळा आणे घर विकले, तर खरेदीदाराला दोन आणेच मिळतात आणि उरलेल्या वारसांचा दावा त्याच्या दारी येतो. चतुःसीमा 'पूर्वेस अमुकाचे घर, पश्चिमेस रस्ता' अशा लिहिल्या जातात. शेजाऱ्याचे घर विकले गेले किंवा रस्ता सरकला की सीमा संदिग्ध होते.

गावठाणालगतच्या शेतातील भूखंडांचा प्रश्न वेगळा आहे. तेथे सातबारा असतो. परंतु १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्याच्या विक्रीवर निर्बंध घातले. पैसे देऊन, घर बांधूनही सातबाऱ्यावर नाव न लागलेले गुंठेधारक त्यातून निर्माण झाले. २०१७ च्या दुरुस्तीने व त्यानंतरच्या सवलतींनी अशा काही व्यवहारांना शुल्क भरून नियमित होण्याची वाट मिळाली. जमीन इनामी असून भोगवटादार वर्ग २ मध्ये मोडत असेल, तर शासनाच्या परवानगीचा प्रश्न आणखी वाढतो.

माहेरचे घर

घराच्या बाबतीत कायद्याने मुलींना दीर्घकाळ वेगळी वागणूक दिली, हे अनेकदा लक्षात घेतले जात नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ ने मुलीला वारस मानले, परंतु कलम २३ ने राहत्या घराचा अपवाद केला. पुरुष वारसांनी वाटणी करण्याचे ठरविल्याशिवाय तिला घराची वाटणी मागता येत नव्हती. राहण्याचा हक्कही अविवाहित, विधवा, परित्यक्ता किंवा पतीपासून विभक्त मुलीपुरताच होता. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना सहदायाद केले, तथापि त्या दिनांकापूर्वी विवाह झालेल्यांना वगळले. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीने कलम २३ रद्द झाले. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात मुलीचा सहदायादाचा हक्क जन्मसिद्ध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

नमुना ८ च्या नोंदवहीत मात्र हा बदल आपोआप उतरत नाही. जुन्या नोंदीवर विसंबून घर घेणारा खरेदीदार आणि नोंदीत नसलेली बहीण हे दोघेही त्या नोंदीचे बळी ठरतात. बहिणीने हक्क सोडला असल्यास हक्कसोडपत्र नोंदणीकृत असणे अगत्याचे आहे. ओवाळणीच्या वेळी दिलेला तोंडी शब्द न्यायालयात टिकत नाही.

१९९३ चा धडा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. म्हणजे पांढरीतील घर कोसळले आणि नव्या घराचे क्षेत्र काळीच्या उताऱ्यावरून ठरले. भूम तालुका उमरगा–लोहारा पट्ट्यातील मुख्य विनाशक्षेत्राच्या बाहेर असला, तरी जिल्हा एकच आहे आणि धडाही एकच आहे. घर उभे असताना ज्या नोंदीची कोणी चौकशी करीत नाही, तीच नोंद संकटाच्या दिवशी कुटुंबाचा वाटा ठरविते.

स्वामित्व योजना आणि चौकशीचा दिवस

गावठाण भूमापनासाठी ड्रोनचा वापर करण्याचा प्रयोग महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील सोनोरी (ता. पुरंदर) येथे झाला. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने 'स्वामित्व' योजना जाहीर केली. १८ जानेवारी २०२५ रोजी देशातील ५० हजारांहून अधिक गावांतील ६५ लाखांवर मिळकत पत्रिकांचे वितरण झाले. या प्रक्रियेत मिळकतींच्या हद्दी चुन्याने आखल्या जातात, ड्रोनद्वारे छायाचित्रण होऊन नकाशा तयार होतो, हक्काची चौकशी होते आणि त्यानंतर सनद व मिळकत पत्रिका दिली जाते. पांढरीची पद्धतशीर मोजणी प्रथमच इतक्या व्यापक प्रमाणावर होत आहे, हे तिचे ऐतिहासिक महत्त्व होय.

तथापि, ड्रोनला भिंत दिसते, वारस दिसत नाही. चौकशीच्या वेळी नमुना ८ मधील जुनीच नावे आधाराला घेतली गेली आणि कोणी हरकत नोंदविली नाही, तर पन्नास वर्षांची चूक नव्या, अधिक वजनदार कागदावर कायम होते. हक्कनोंदीतील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, असे महसूल संहितेचे कलम १५७ सांगते. ती खोडून काढण्याचा भार मग नाव नसलेल्यावर पडतो. म्हणून ईटसारख्या गावात घर घेणाऱ्याने प्रथम दोन गोष्टी पाहाव्यात. गावठाणाची चौकशी केव्हा झाली, ही पहिली. त्या वेळी कोणकोणते वारस हजर होते, ही दुसरी.

समारोप

ग्रामीण घरमालकीचा प्रश्न हा केवळ कायद्याच्या अज्ञानाचा प्रश्न नाही. ज्यातून सारा मिळतो तेच मोजावे, या शतकानुशतकांच्या राज्यनीतीचा तो परिणाम आहे. आज मोजणी होत आहे आणि ती ज्या स्थितीत होईल, त्या स्थितीतच पुढील पिढ्यांना तिचा वारसा मिळेल. ग्रामीण भागातील महाविद्यालयांना येथे निश्चित कार्य आहे. मोडी व उर्दू दप्तराच्या वाचनाचे वर्ग घेता येतील. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून घरोघरच्या वंशावळी व जुने दस्त यांची नोंद करता येईल. हरकतीची मुदत संपण्यापूर्वी वारस मुलींपर्यंत माहिती पोहोचविता येईल. गावातील वृद्धांच्या स्मरणात असलेला पांढरीचा इतिहास हा न्यायालयीन पुराव्याचाही कच्चा माल आहे आणि तो नोंदवून घेण्यास उपलब्ध असलेला काळ मर्यादित आहे.