अडकित्ते कोण जमवतं?

कलासंग्रह म्हटलं की डोळ्यांपुढे येतात राजे-रजवाडे, नाहीतर टाटांसारखे उद्योगपती. पुण्याचे दिनकर केळकर (१८९६-१९९०) यातले कोणीच नव्हते. घरचा धंदा चष्म्यांचा, आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करायचे. १९२० च्या सुमारास त्यांनी जमवायला सुरुवात केली ती कशाची? दिवे, अडकित्ते, दौती, कोरीव दारं!

म्हणजे बघा, जुने वाडे पडत होते, पितळ मोडीत जात होतं. घडवणाऱ्याचं नाव माहीत नाही, रोजच्या वापरातली वस्तू, मग तिला ‘कला’ कोण म्हणणार? केळकर म्हणाले. त्यासाठी गावोगाव हिंडले. मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याचं नाव संग्रहालयाला दिलं. आणि सुमारे २०,००० वस्तूंचा हा संग्रह विकून पैसा न करता महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला.

मला वाटतं, देणं मोठं आहेच, पण काय जपायचं हे वेळेवर ओळखणं त्याहून मोठं. आज मात्र जागेअभावी त्यातल्या थोड्याच वस्तू मांडलेल्या दिसतात. शेवटी दान घेणाऱ्याचीही काही जबाबदारी असतेच की! आणि तो घेणारा म्हणजे आपणच. तेव्हा एखाद्या रविवारी मॉलऐवजी तिकडे चक्कर टाका.