ऑर्किडला दमट हवा हवी, साचलेले पाणी नको

सह्याद्रीतील झाडांच्या खोडांवर वाढणारी 'सीतेची वेणी' पावसाळाभर चिंब भिजते, तरी कुजत नाही. तिची मुळे उघडी असल्याने पाणी निथळते आणि वारा ती सुकवतो. शेडनेटमध्ये ऑर्किड वाढवताना नेमके हेच साधावे लागते.

डेंड्रोबियमसारख्या ऑर्किडच्या मुळांवरील स्पंजासारखे आवरण पाणी चटकन शोषून घेते. मात्र ते सतत ओले राहिल्यास मुळांना हवा मिळत नाही व ती कुजतात. म्हणून कुंडीत मातीऐवजी कोळसा, विटांचे तुकडे व नारळाची सोडणे भरतात.

हवेतील आर्द्रता साधारणपणे ६० ते ८० टक्के असावी. उन्हाळ्यात दुपारी ती घटल्यास झाडांवर नव्हे, तर वाटांवर पाणी शिंपडावे. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता मुळातच भरपूर असते. तेव्हा हवा खेळती ठेवणे महत्त्वाचे. जाळी पाऊस अडवत नाही, त्यामुळे वर प्लास्टिकचे आच्छादन उपयोगी पडते. पाणी सकाळीच द्यावे. शेंड्यात रात्रभर पाणी राहिल्यास काळी कूज बळावते.

कुंड्या जमिनीपासून अडीच-तीन फूट उंचीवर ठेवाव्यात. खाली उतार, खडी आणि पाणी वाहून नेणारे चर असावेत. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची नवी पिढी आठ-दहा दिवसांत तयार होऊ शकते. त्यामुळे गच्चीवर मोजकीच ऑर्किड असली, तरी कुंड्यांखालच्या बशा व पिंपे आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून कोरडी करणे आवश्यक ठरते.